घडविणारे आणि चालविणारे : डेव्हऑप्सची वाट धरावी काय?



आजच्या विषयाचे नाव परके असले तरी प्रश्न आपल्या घरातला आहे. ढोकी, तेर, मुरूड, कळंब या भागातील मुले-मुली लातूरला, धाराशिवला, सोलापूरला नाही तर पुण्याला जाऊन संगणकाचे शिक्षण घेतात. पदवी पदरात पडते, आणि मग कोणीतरी सांगते की नुसत्या पदवीने आता भागत नाही. 'डेव्हऑप्स'चा कोर्स करावा, सहा महिन्यांत नोकरी, पगार भरघोस. कोर्सची फी ऐकली की वडील सोयाबीनच्या पट्टीकडे पाहतात, आणि पट्टीत भागत नसले तर कोणाकडे शब्द टाकावा याचा विचार करू लागतात. मुलाचे एक वर्ष आणि घरची पुंजी या दोन्ही गोष्टी पणाला लागतात. अशा वेळी डेव्हऑप्स म्हणजे काय, त्याची जगाला गरज का पडली, आणि तो व्यवसाय आयुष्यभर पुरेल काय, हे शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या दिशेने जाणार हे आपणांस कळेल. ही वाट धरण्याजोगी आहे. परंतु ती बहुधा पहिली पायरी नव्हे, दुसरी पायरी आहे. शिवाय या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या प्रकारचे काम चालते. त्यांपैकी एक प्रकार टिकणारा आहे, दुसरा सरणारा आहे. मुलगा कोणत्या प्रकाराकडे चालला आहे, हे ज्याला ओळखता आले त्याचा पैसा वाया जाणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुन्या काळापासून दोन जाती होत्या असे म्हटले तरी चालेल. एक जात घडविणाऱ्यांची. हे लोक प्रोग्राम लिहितात. त्यांच्या कामाला 'डेव्हलपमेंट' म्हणतात. दुसरी जात चालविणाऱ्यांची. हे लोक तो प्रोग्राम सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकांवर चढवितात, रात्रंदिवस चालू ठेवतात, बिघडला तर उठवून उभा करतात. त्यांच्या कामाला 'ऑपरेशन्स' म्हणतात. पहिल्या शब्दातला 'डेव्ह' आणि दुसऱ्यातला 'ऑप्स' जोडून 'डेव्हऑप्स' हा शब्द झाला. शब्द जोडणे सोपे होते. माणसे जोडणे अवघड होते, आणि खरा विषय तोच आहे.

या दोन जातींमध्ये काय अडचण होती, ते ढोकीच्या माणसाला समजावून देण्यास संगणकाची आवश्यकता नाही. बार्शी लाइटची आठवण पुरेशी आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने कुर्डुवाडी ते बार्शी हा छोटा लोहमार्ग १८९७ साली सुरू झाला. पुढे तो वाढत वाढत १९११ साली लातूरपर्यंत आला, आणि ढोकी त्याच वाटेवर आहे. या गाडीच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीला जो मुंबई-मद्रासचा मोठा मार्ग मिळे, त्याच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट. अर्थात लातूरच्या पेठेतला माल छोट्या डब्यातून कुर्डुवाडीला पोचला की तोच डबा पुढे जाऊ शकत नसे. माल उतरवावा लागे, हमालांनी पाठीवर घ्यावा लागे, आणि मोठ्या मार्गाच्या डब्यात पुन्हा भरावा लागे. दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम होत्या. दोष गाड्यांत नव्हता, जोडावर होता. वेळ तेथे जावा, पोती तेथे फुटावीत, आणि नुकसान कोणाच्या माथी मारावे यावर दोन बाजूंनी हुज्जत घालावी, हे अशा जोडावर ओघानेच येते.

सॉफ्टवेअरमध्येही हेच होत असे. घडविणारा आपल्या टेबलावरच्या संगणकावर प्रोग्राम लिही, तेथे तो सुरळीत चाले. मग तो चालविणाऱ्यांच्या स्वाधीन केला जाई. त्यांच्या सर्व्हरवरील परिस्थिती निराळी. कुठे एखादा सहायक प्रोग्राम जुना, कुठे एखादी परवानगी नाही, कुठे एकाऐवजी दहा हजार माणसे एकदम आलेली. प्रोग्राम कोसळे. घडविणारा म्हणे, "माझ्याकडे तर चालतो." चालविणारा म्हणे, "तुझ्याकडे ग्राहक येत नाहीत, माझ्याकडे येतात." घडविणाऱ्याला शाबासकी मिळे ती नवे काही दिल्याबद्दल, आणि चालविणाऱ्याला मिळे ती काही न बिघडल्याबद्दल. एकाला बदल हवा, दुसऱ्याला बदल नको. मग उपाय म्हणून वर्षातून दोनचार वेळाच नवी आवृत्ती सोडावयाची, आणि ती सोडण्याच्या रात्री सर्वांनी जागरण करावयाचे, अशी वहिवाट पडली.

ही वहिवाट २००९ साली मोडू लागली. त्या वर्षी जूनमध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड या दोघांनी अमेरिकेतील एका परिषदेत सांगितले की आमच्याकडे दिवसाला दहा-दहा वेळा नवा बदल लोकांपर्यंत जातो. दोघांपैकी एक चालविणारा आणि दुसरा घडविणारा होता, आणि दोघे एकत्र उभे राहून बोलत होते, हे विशेष. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक दब्वा यांनी बेल्जियममधील गेंट शहरी या विचाराच्या लोकांचा मेळावा भरविला, आणि डेव्हऑप्स हे नाव रूढ झाले. त्यापूर्वीच, २००३ पासून, गूगल कंपनीत बेन ट्रेनर यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांकडेच चालविण्याची जबाबदारी देऊन पाहिली होती. त्या पद्धतीला 'साइट रिलायबिलिटी' म्हणजे सेवेच्या भरवशाचे शास्त्र असे नाव पडले.

म्हणजे डेव्हऑप्स हे मुळात एखाद्या हुद्द्याचे किंवा एखाद्या यंत्राचे नाव नाही. घडविणे आणि चालविणे यांचा एकच रूळ करावा, अशा कामाच्या पद्धतीचे ते नाव आहे. पुष्कळ कंपन्यांनी ही गोष्ट ध्यानात न घेता घडविणारे आणि चालविणारे या दोन खात्यांच्या मध्ये 'डेव्हऑप्स' नावाचे तिसरे खाते उघडले. तेथे जोड एकाचे दोन झाले एवढेच. नोकरीला जाणाऱ्याने मुलाखतीतच ही चौकशी करावी.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, तेही थोडक्यात पाहू. प्रोग्रामचा प्रत्येक बदल, एका अक्षराचा का असेना, गिट नावाच्या दप्तरात नोंदविला जातो. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यात कायम राहते. बदल नोंदविला की यंत्र आपण होऊन त्याच्या चाचण्या घेते. चाचणीत उतरला तर तो त्याला लागणाऱ्या सर्व सहायक सामग्रीसह एका पेटीत बंद होतो. या पेटीला कंटेनर म्हणतात, आणि नाव जहाजांवरील पेट्यांवरूनच घेतलेले आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने मालाच्या ५८ पेट्या बंदच्या बंद एका जहाजावर चढवून नेल्या. आतला माल न हाताळता पेटीच ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून ट्रकवर जाऊ लागली, आणि बंदरांतील उतरवण-चढवणीचा खर्च कोसळला. डॉकर या साधनाने २०१३ साली हीच युक्ती प्रोग्रामसाठी सर्वांच्या हाती दिली. पेटी लेखकाच्या टेबलावर जशी चालते तशीच ती सर्व्हरवर चालावी, असा त्यातला हेतू. अशा शेकडो पेट्यांचा कारभार पाहणारे कुबरनेटीज हे साधन गूगलने २०१४ साली सर्वांना खुले केले.

या पेट्या ज्या सर्व्हरांवर चालतात ते आता बहुधा भाड्याने घेतलेले असतात. त्यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरच असते. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत अशी केंद्रे सुरू केली. किती सर्व्हर हवेत, कसे जोडलेले हवेत, हे आता फायलीत लिहून ठेवतात, आणि ती फाइल वाचून यंत्रच सारी मांडणी उभी करते. शेवटी येते देखरेख. साखर कारखान्यात बॉयलरवर दाबाचा काटा असतो, आणि काटा वर चढू लागला की पाळीवरचा मनुष्य स्फोट होण्याची वाट पाहत नाही. तसेच सेवेला किती विलंब लागतो आहे, किती मागण्या फसत आहेत, सर्व्हरवर किती भार आहे, याचे काटे येथे पडद्यावर सतत दिसत असतात, आणि काटा हद्दीबाहेर गेला की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनची घंटा वाजते.

साखर कारखान्याचा उल्लेख मी सहज केला नाही. उसाचा फड उत्तम पिकला, तोडणी वेळेवर झाली, पण गाड्या वजनकाट्यावर अडून राहिल्या आणि ऊस गव्हाणीत पडण्यास दोनतीन दिवस लागले, तर वजनही घटते आणि साखरेचा उताराही घटतो. पीक काढणाऱ्याचे श्रम पुढच्या साखळीवर अवलंबून असतात. तेरणा कारखान्याची धुराडी मध्यंतरी कित्येक वर्षे थंड राहिलेली या गावाने पाहिली आहेत. त्याची कारणे निराळी आहेत आणि ती आजच्या विषयाबाहेरची आहेत. परंतु एखादा उद्योग उभारणे हे एक काम आणि तो चालता ठेवणे हे दुसरे, तितकेच मोठे काम, ही गोष्ट ढोकीकरांना दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

संगणकाच्या जगात हे चालते ठेवण्याचे काम फसले म्हणजे काय होते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातले. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आपल्या सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढविला. सर्व्हर आठ होते. त्यांपैकी सातांवर नवा प्रोग्राम गेला, आठव्यावर चढविण्याचे राहून गेले. त्या आठव्यावर पूर्वीचा, वापरातून गेलेला एक भाग पडून होता. नव्या प्रोग्रामने जी खूण वापरली होती तीच खूण त्या जुन्या भागाला जागी करणारी निघाली. सुमारे ४५ मिनिटे तो सर्व्हर वेड्यासारखी खरेदी-विक्री करीत राहिला. नुकसान ४४ कोटी डॉलरांहून अधिक झाले, आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व पुढच्याच वर्षी संपले. हाताने आठ ठिकाणी करावयाचे काम सात ठिकाणी झाले, आणि ते पडताळून पाहणारी यंत्रणा नव्हती, हे त्याचे सार.

दुसरे उदाहरण गिटलॅब या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक अभियंता बिघाड दुरुस्त करीत होता. त्याने भलत्याच सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य माहितीसाठा पुसला गेला. चूक कोणाही थकलेल्या माणसाच्या हातून व्हावी अशी होती. पण पुढे जे उघडकीस आले ते अधिक बोधप्रद आहे. माहितीची प्रत राखून ठेवण्याच्या अनेक व्यवस्था त्यांच्याकडे होत्या, आणि वेळेवर त्यांपैकी कोणतीही धड उपयोगी पडली नाही. कोणी तरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने सारा प्रकार जगापुढे उघड मांडला आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केले नाही. या व्यवसायात अशा चौकशीचा दंडक आहे : कोण चुकले हे विचारावयाचे नाही, चूक इतकी सोपी का होती हे विचारावयाचे.

तिसरे उदाहरण आपल्या खिशातले. आज बाजारात भाजीवाल्या मावशींच्या टोपलीपाशीही पैसे देण्याची चौकट लावलेली असते. मुंबईच्या राष्ट्रीय देयक निगमाने यूपीआय ही सेवा २०१६ साली आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरून एका महिन्यात २,००० कोटी व्यवहार झाले. म्हणजे सेकंदाला सरासरी सुमारे साडेसात हजार. ही सेवा २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी अडखळली. एप्रिलच्या प्रसंगी बँकांकडून जुन्या व्यवहारांचे काय झाले अशी विचारणा करणाऱ्या संदेशांचा लोंढा आला आणि त्या भाराखाली सेवा मंदावली. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसात किती वेळा शिल्लक पाहता येईल यावर ५० वेळांची मर्यादा घातली गेली. प्रोग्राम बरोबर लिहिलेला असूनही भार कसा येतो आणि तो कोठे अडवावा, याचे ज्ञान वेगळेच लागते, हे यावरून दिसते.

कोणी विचारील, मग सेवा कधीच बंद पडू नये अशी का करीत नाहीत? त्याचे उत्तर हिशेबात आहे. वर्षाचे तास ८,७६०. सेवा शंभरापैकी ९९.९ टक्के वेळ चालू ठेवावयाची म्हटले तर वर्षात पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा आहे. ९९.९९ टक्के म्हटले तर मुभा उरते अवघी ५२ मिनिटांची. पुढच्या प्रत्येक नवाच्या आकड्याला खर्च भराभर वाढतो. म्हणून शहाणी कंपनी आधीच ठरविते की आम्हांला किती बंद परवडेल. तेवढी मुभा शिल्लक असेपर्यंत नवे बदल करावयाचे. संपली की नवे थांबवून पाया मजबूत करावयाचा. बदल हवा म्हणणारा आणि बदल नको म्हणणारा यांचे भांडण अशा रीतीने एका आकड्यावर मिटते. या व्यवसायाचे मर्म असल्या निर्णयांत आहे.

आता व्यवसाय म्हणून त्याचे गुणदोष पाहू. गुण स्पष्ट आहेत. बँक, रेल्वे, रुग्णालय, सरकारी कचेरी, सारे काही सॉफ्टवेअरवर चालू लागले आहे, आणि चालत्या गोष्टीला चालविणारा लागतोच. अनुभवी माणसाला मोल आहे. एका साधनापुरते नव्हे तर संपूर्ण यंत्रणा कशी उभी राहते याचे ज्ञान येथे मिळते. पुष्कळसे काम दूर बसून करता येते. वीज आणि इंटरनेट भरवशाचे असतील तर गावातूनही. ज्या मुलींना घरच्या जबाबदारीमुळे शहर सोडावे लागते त्यांना याचा उपयोग आहे.

दोषही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजेत. फोनची घंटा रात्री दोन वाजताही वाजते, दिवाळीतही वाजते. काम नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही, बिघडले तर सर्वांच्या येते. आणि सर्वांत मोठी अडचण ही की नवख्याला या जागा फारशा मिळत नाहीत. ज्याने प्रोग्राम कधी लिहिला नाही आणि सर्व्हर कधी चालविला नाही, त्याच्या हाती दोहोंमधला जोड कोण देईल? सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांची जाहिरात नेमकी हीच गोष्ट गाळते. काही ठिकाणी तर खोटे अनुभवपत्र मिळवून देण्याची भाषा होते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे की भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून पूर्वीची नोकरी खरी की खोटी हे नवी कंपनी पडताळून पाहू शकते. तेथे पकडलेल्या मुलाची नोकरी तर जातेच, नावही जाते.

आता मी आरंभी म्हटलेल्या दोन प्रकारांकडे येतो. त्यासाठी पुन्हा आपल्याच लोहमार्गाकडे पाहिले पाहिजे. २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी मार्ग साडेपाच फुटी झाला. त्याबरोबर डब्यातून डब्यात माल भरण्याचे काम संपले. हमाल आळशी होते म्हणून ते संपले नाही. त्यांचे काम ज्या गैरसोयीवर उभे होते ती गैरसोयच नाहीशी झाली. परंतु रूळ तपासत चालणारा गँगमन राहिला, सिग्नल सांभाळणारा राहिला, कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना राहिला. रुळांची रुंदी बदलली तरी गाडी सुखरूप चालवावी लागतेच.

डेव्हऑप्समध्येही हीच विभागणी आहे. एका साधनाच्या आज्ञा पाठ करणे, ठरावीक साच्याच्या फायली लिहिणे, एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणे, हे हमालीचे काम होय. ते प्रामाणिक आहे, पण सरणारे आहे. पपेट हे साधन २००५ साली आणि शेफ हे २००९ साली आले. एके काळी त्यांचा फार बोलबाला होता, आज नव्या मांडणीत त्यांची जागा पुष्कळ अंशी इतरांनी घेतली आहे. टेराफॉर्म २०१४ साली आले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या आणि लगोलग त्याची दुसरी शाखा निघाली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर साच्याच्या फायली कृत्रिम बुद्धीचे यंत्रच काही क्षणांत लिहून देते. जो मनुष्य केवळ तेवढेच शिकला त्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.

याउलट, यंत्रणा का अडली याचा माग काढणे, कोणता बदल धोक्याचा आहे हे ओळखणे, बंद पडले तर कसे उठवावे याची आधीच तालीम करणे, आणि निर्णयाची जबाबदारी आपल्या नावावर घेणे, हे गँगमनचे आणि कारखान्याचे काम आहे. यंत्राने लिहून दिलेली फाइल बरोबर की घातक, हे ज्याला कळते त्याची गरज यंत्रे वाढल्याने वाढणारच. त्याचा पायाही फारसा बदलत नाही. लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९९१ सालची. इंटरनेटवरील संदेशवहनाचे नियम १९८३ पासून रूढ आहेत. हे ज्याने नीट शिकून घेतले त्याला वरचे साधन बदलले तरी आठपंधरा दिवसांत नवे उमगते.

मग ढोकीतल्या मुलाने काय करावे? पहिली गोष्ट, मोठी फी भरण्यापूर्वी एक जुना संगणक मिळवावा आणि त्यावर लिनक्स घालावी. ती फुकट मिळते. प्रोग्राम लिहिण्याची एक भाषा, उदाहरणार्थ पायथन, बेताची का होईना पण पक्की करावी. एका संगणकाचे दुसऱ्याशी बोलणे कसे होते हे मुळापासून समजून घ्यावे. इंग्रजी बोलता आले नाही तरी चालेल, पण यंत्राने दाखविलेला दोष वाचून समजलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, एक खरे काम हाती घ्यावे. गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर आणावी, एवढेही पुरे. प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवावा, चाचणी आणि चढवणी यंत्राकडे सोपवावी, देखरेखीचा काटा लावावा. आणि मग, हे महत्त्वाचे, माहितीची प्रत बाजूला काढून सारा सर्व्हर स्वतःच्या हाताने पुसून टाकावा, आणि घड्याळ लावून तो पुन्हा उभा करावा. पहिल्या वेळी दोन दिवस लागतील; दहाव्या वेळी दहा मिनिटे लागावीत. भाड्याचा सर्व्हर घेतला असेल तर काम संपताच तो बंद करावा, कारण त्याचे बिल मीटरप्रमाणे चालूच राहते. मुलाखतीला जाताना ही वही बरोबर असली तर ती प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलेल.

तिसरी गोष्ट, पहिली नोकरी डेव्हऑप्सच्या नावाची नसली म्हणून हिरमुसू नये. प्रोग्राम लिहिण्याची, चाचणीची, सर्व्हर सांभाळण्याची, ग्राहकांच्या तक्रारी सोडविण्याची, यांपैकी कोणतीही चालेल. तेथे दोनतीन वर्षे डोळे उघडे ठेवून काढली की जोड कोठे दुखतो ते कळते. मग ही दुसरी पायरी आपोआप जवळ येते.

आणि एवढे करूनही कोर्स करावासा वाटला तर अवश्य करावा. मात्र फी भरण्यापूर्वी चालकांना तीन प्रश्न विचारावेत. लिनक्स आणि नेटवर्क यांना किती तास दिले आहेत? बिघडलेली यंत्रणा दुरुस्त करावयास विद्यार्थ्याला प्रत्यक्ष देता काय? दोन वर्षांपूर्वी येथून गेलेल्या चार विद्यार्थ्यांना भेटता येईल काय? जेथे या प्रश्नांना उत्तराऐवजी हमी मिळेल, तेथून उठून यावे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचा किंवा मुलीचा पिंड आधी पाहावा. विहिरीवरची मोटर बंद पडली की काही मुले फिटरला फोन करतात, आणि काही मुले आधी फ्यूज पाहतात, मग स्टार्टर पाहतात, मग फेज पाहतात, आणि दोष कोठे नाही हे एकेक करून काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला हा व्यवसाय मानवेल, आणि रात्री वाजणारी घंटाही त्याला जाचक वाटणार नाही. पहिल्या प्रकारच्या मुलात काही उणे आहे असे नाही. त्याच्यासाठी संगणकात आणि संगणकाबाहेर दुसऱ्या पुष्कळ वाटा आहेत.

आपल्या समाजात उद्घाटनाचा मान मोठा असतो. मोळी टाकताना जेवढी गर्दी जमते तेवढी हंगामाच्या मध्यावर रात्रपाळीला जमत नाही. डेव्हऑप्स हे त्या रात्रपाळीचे शास्त्र आहे. त्यात नाव थोडे आणि जबाबदारी फार. ज्याला हे पटते, त्याने ही वाट खुशाल धरावी, पायरी पायरीने धरावी, आणि घरच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे.